बिरादार साहेबांचा मागचा ब्रेक

माणसाचं मोठेपण तो किती वेगाने गेला यावर नव्हे, तर तो कुठे आणि कसा थांबला यावर ठरतं, असं बिरादार साहेब म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथम ऐकलं तेव्हा ते छातीपर्यंत झेंडूच्या ढिगात होते. सायकल ढिगाच्या पलीकडून बाहेर निघून आडवी पडली होती. फूलवाली बाई साहेबांना हात द्यावा की फुलं वेचावीत या विचारात उभी होती आणि तिने बऱ्याच विचारांती फुलं वेचायला घेतली.

बिरादार साहेब पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आणि नांदेडला आमच्या कॉलनीत राहायला आले. मूळचे उदगीरकडचे. अंगाने किरकोळ, पण चालताना पाठीमागे दोन शिपाई फायली घेऊन येताहेत असं वाटावं अशी चाल. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'धोरण असं आहे' अशी. चहा मागतानासुद्धा धोरण असं असे की साखर कमी. गळ्यात शिट्टी असे. ती कशासाठी हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. एरवी ते सरकारी टिपणीतली मराठी बोलत, 'सदर भाजी', 'उपरोक्त पाहुणे' वगैरे. पण प्रसंग बिकट झाला की उदगीरची बोली बाहेर येई. त्यामुळे ते काय बोलताहेत हे नाही समजलं तरी परिस्थिती किती गंभीर आहे हे लांबूनही कळत असे.

आमची कॉलनी म्हणजे उताराची एक लांब गल्ली. वरच्या टोकाला पाण्याची टाकी, तिच्या शेजारी साहेबांचं घर, आणि सगळ्यात खाली माझं. ते आले त्या उन्हाळ्यात बोअर आटला आणि टाकीतलं पाणी पाळीपाळीने सोडण्याचं काम सोसायटीने मोठ्या विश्वासाने त्यांच्याकडे दिलं. कालव्याच्या पाण्याचा एक नियम आहे: वरचे शेतकरी आधी पाणी घेत सुटले तर शेवटच्याला थेंब पोचत नाही, म्हणून सुरुवात शेवटच्या शेतापासून करायची आणि वर वर यायचं. टेल टू हेड. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि तो पाळताना मी तरी एकाच माणसाला पाहिलं. साहेबांनी सगळ्यांचे नळ बंद करवून पहिलं पाणी माझ्या घरी सोडलं. सगळ्यात शेवटी त्यांचं स्वतःचं घर. बहुतेक दिवशी तिथपर्यंत पाणी पोचत नसे, आश्वासन पोचत असे.

या धोरणाचा मी लाभधारक, त्यामुळे मला त्यात काही दोष दिसला नाही. साहेबांच्या पत्नीला, सुशीलावहिनींना, दिसला. एकदा मी लाजेकाजेने एक घागर त्यांच्याकडे नेऊन दिली, तर त्यांनी ती पटकन आत घेतली आणि मला दबक्या आवाजात सांगितलं, "ह्यांना बोलू नका. अनधिकृत उपसा म्हणतील." अनधिकृत उपसा म्हणजे कालव्यातून चोरून पाणी ओढणं. साहेबांच्या जगात पापांचा तो एकच प्रकार होता. बाकीचे त्याचेच पोटभेद.

वहिनी त्यांच्या उलट. मोठ्या बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं, म्हणून विषय संपला की 'साकु' म्हणत, म्हणजे पुरे. वहिनी साकु म्हणाल्या की धोरण जिथल्या तिथे राही.

मग पुण्याच्या मुलाने वडिलांच्या तब्येतीसाठी सायकल पाठवली. साधी नव्हे, डोंगरात चालवायची, ट्रॅक्टरच्या धाकट्या भावासारखे टायर असलेली. नांदेडला चढायला डोंगर कुठे, असं कोणीतरी म्हणालं. साहेबांनी ही उणीव सायकलची न मानता नांदेडची मानली. पण खरा बदल झाला तो ब्रेक पाहून. या ब्रेकला तार नव्हती. मुठीतल्या दांडीपासून चाकाजवळच्या चिमट्यापर्यंत एक काळी बारीक नळी गेली होती आणि तिच्यात तेल होतं. दांडी दाबली की तेलाचा दाब चिमट्यापर्यंत जाणार आणि चिमटा चाकावरची चकती आवळणार. मुलाने हे फोनवर सांगितलं तेव्हा साहेबांनी दांडी दोनदा दाबून बघितली.

"म्हणजे हायड्रॉलिक्स," ते म्हणाले. "आपलंच खातं."

त्या दिवसापासून ती सायकल उरली नाही, प्रकल्प झाला. ब्रेकची दांडी म्हणजे हेडवर्क्स, कालव्याचं मुख; नळी म्हणजे कालवा, चिमटा म्हणजे टेल. रोज सकाळी हेल्मेट घालून ते विष्णुपुरीपर्यंत जात, धरणाकडे एकदा रोखून बघत आणि परत येऊन गल्लीत भेटेल त्याला पाण्याची पातळी सांगत. कोणी विचारलेली नसे. निवृत्तीनंतर त्यांना नमस्कार करणारं कुणी उरलं नव्हतं, घरात साहेब म्हणणारंही नाही. ती सकाळची फेरी एवढीच त्यांची उरलेली नोकरी होती. पुढचा ब्रेक मात्र ते कधी दाबत नसत. पुढचा ब्रेक लावला की सायकल थांबते आणि माणूस पुढे जातो, असा त्यांचा अभ्यास होता. सगळा भार मागच्यावर.

दसऱ्याला आपल्याकडे लोखंड म्हणून जे जे घरात असेल त्याला हळदीकुंकू आणि झेंडूचा हार लागतो. साहेबांनी सायकलला लावला. दोऱ्याने बांधलेला हार चालत्या सायकलवर टिकत नाही हे ओळखून त्यांनी बांधकामावरची बाइंडिंग तार आणली आणि सळईला सळई बांधतात तशी, पक्कडीने चांगला पीळ देऊन, हार हँडलला जेरबंद केला. दोन्ही ब्रेकच्या नळ्या तिथूनच जातात. तारेचं टोक मागच्या ब्रेकच्या नळीत रुतलं. मग हँडल जसजसं वळेल तसतशी तार नळीला करवतीसारखी घासत गेली. हार मात्र जागचा हलला नाही. हे काम खात्याच्या दर्जाचं झालं होतं हे मान्य करायला हवं.

संध्याकाळी सीमोल्लंघन करून साहेब गल्लीच्या वरच्या टोकाला प्रकटले. लोक आपट्याची पानं घेऊन दारात उभे होते. साहेबांनी रुबाबात मागचा ब्रेक दाबला आणि दांडी काही विरोध न करता मुठीला येऊन टेकली. तेल केव्हाच रस्त्यावर सांडून गेलं होतं. लोकांना वाटलं, साहेब आज घाईत आहेत. "सोनं घ्या साहेब," म्हणत हात पुढे येत होते. एकदोघांचं त्यांनी जाता जाता घेतलंही. बाकीच्यांना ओरडून सांगत होते, "सरका, ब्रेक लागंना गेलाय! येतानी घेतो!" भाषा ऐकूनच मी बाहेर आलो. गल्लीच्या तळाशी, माझ्या दारासमोर, फूलवालीने झेंडूचा ढीग लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी निकाल दिला. त्यांनी सायकलकडे बघितलं, साहेबांच्या खरचटलेल्या नाकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एक तर ही माझ्यासमोर थांबून दाखवंल, न्हाईतर भंगारवाला येईल. साकु."

साहेबांचा चेहरा पडला तो मी पाहिला. पण ते तेवढ्यापुरतंच. गळती हा त्यांच्या हयातीचा विषय होता.

शहरातल्या सायकलवाल्याने सगळा ब्रेकच बदलायला सांगितला. साहेबांना हे अपमानास्पद वाटलं. गळती लागली म्हणून कोणी धरण बदलतं का, असं त्यांनी त्याला विचारलं आणि सायकल घरी आणली. मग नळीच्या जखमेवर एम-सील थापलं, वरून ट्यूबची पट्टी गुंडाळली, कालव्याच्या अस्तरीकरणाला देतात तसा वाळायला वेळ दिला, शिवणयंत्राचं तेल भरलं आणि मला साक्षीला बोलावून दांडी दाबली. तेलाची एक बारीक, सरळ चिळकांडी त्यांच्या चष्म्यावर आली. चष्मा पुसता पुसता ते म्हणाले की विसर्ग चांगला आहे. आवाजात थोडा अभिमानही होता.

नंतर त्यांनी भाच्याच्या शेतातून ठिबकची बारीक नळी आणून जोडली. ही गळाली नाही. दांडी दाबल्यावर ती फक्त फुगली, उंदीर गिळलेल्या सापासारखी, आणि चाक निवांत फिरत राहिलं. साहेब खाली बसून ते चाक बघत होते. "दाब शेवटच्यापतूर पोचंना गेलाय," ते म्हणाले. ही उदगीरची भाषा होती, म्हणून मीच त्यांना चाँदभाईंकडे घेऊन गेलो.

चाँदभाईंचं दुकान जेसीबीच्या हायड्रॉलिक नळ्यांचं. उसाच्या पट्ट्यातल्या यंत्रांपासून खडीच्या खाणीपर्यंत जिथे जिथे नळी फुटते तिथून माणसं त्यांच्याकडे येतात. चाँदभाईंनी सायकलच्या भोवती एक चक्कर मारली आणि अंगठ्याएवढी जाड एक नळी काढून दाखवली. त्यांच्याकडची ती सगळ्यात बारीक होती.

"ये लगा देता साब," ते म्हणाले. "पन ब्रेक मारे तो सायकल रुकती नै, उठती."

साहेबांना हा माणूस एकदम पटला. धरण-कालव्याच्या गप्पांमध्ये दुपार गेली. चाँदभाईंनी फोनवर चौकशी करून ठरवलं की या सायकलची बारीक नळी, तिच्या टोकाची पितळी कडी आणि तिचं तेल हे सगळं पुण्याहूनच मागवावं लागेल. बसवायचं काम त्यांच्याकडे लागलं. मुलाने ते पाठवलं. चाँदभाईंनी नळी पात्याने सरळ कापली, कडी चढवली, नट आवळला आणि दांडीवरच्या इवल्याशा टाकीत वरून तेल ओतायला घेतलं.

"वरून न्हाई," साहेब म्हणाले. "टेल टू हेड."

चाँदभाई म्हणाले की आम्ही जेसीबीला वरूनच भरतो. साहेब म्हणाले की म्हणूनच जेसीबी तुमच्याकडे परत येतात. मग इंजेक्शनच्या सिरिंजने खालून, चिमट्याकडून तेल भरायचं ठरलं. चाँदभाई खालून दाबत होते आणि नळीतली हवा बुडबुड्यांनी वर, टाकीत येऊन फुटत होती. प्रत्येक बुडबुड्याला साहेब शांतपणे "अनधिकृत उपसा" म्हणत होते. बुडबुडे संपले. दांडी दाबली तर दगडासारखी घट्ट. चाँदभाईंनी मान डोलवली. नोकरीभर ज्या नियमासाठी साहेबांनी शिव्या खाल्ल्या, तो एकदाचा, एका काळ्या नळीत, पूर्णपणे अमलात आला होता. इथेच टाकीचं झाकण लावलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

"थांबा," साहेब म्हणाले.

धरण भरलं की जलपूजन होतं. कोणी मोठे पाहुणे सपत्नीक येतात, पाण्यात नारळ आणि खण सोडतात, फोटो निघतात. आयुष्यभर त्या पूजनाचं ताट तयार करण्याचं काम बिरादार साहेबांकडे होतं. हळद, कुंकू, खण, न तडकलेला नारळ, सगळं तेच बघत, आणि मग पाहुण्यांच्या मागे छत्री धरून उभे राहत. त्यांच्या हाताने एक फूलही कधी पाण्यात पडलं नव्हतं. हे त्यांनी आम्हाला त्या दुकानात, तेलाने काठोकाठ भरलेल्या त्या टाकीकडे बघत सांगितलं. टाकीत करंगळीचं टोक जेमतेम मावलं असतं.

ते रिक्षा करून घरी गेले आणि वहिनींना घेऊन आले. वहिनी का आल्या, हे त्यांनीच नंतर सांगितलं: लग्नानंतर साहेब त्यांना कुठल्या कार्यक्रमासाठी न्यायला स्वतः आले ते पहिल्यांदाच. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि ताट आणलं होतं. खण हँडलला बांधला, यावेळी दोऱ्याने. नारळ जेसीबीच्या बकेटवर फोडला. साहेबांनी मी, चाँदभाई आणि जेसीबीचा एक सुटा पडलेला लोखंडी हात यांच्यासमोर छोटंसं भाषण केलं. मग वहिनींनी टाकीला कुंकू लावण्यासाठी चिमूट उचलली.

"भाभी, अंदर नक्को," चाँदभाई घाईने म्हणाले. "बाहेरसे लगाव."

"देवाला वरवरचं चालत न्हाई," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी चिमूटभर कुंकू तेलात सोडलं. चिमूट त्यांच्या हाताची होती, म्हणजे भरपूर. चाँदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. साहेबांचे डोळे मिटलेले होते. झाकण लागलं.

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, विष्णुपुरीच्या रस्त्याच्या एका उतारावर. वहिनी घरातून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या, उताराच्या तळाशी रस्त्याच्या कडेला मांडली आणि पदर खोचून बसल्या. म्हणाल्या, "हितवर यायच्या आत थांबली तर तुमची. मी उठणार न्हाई." साहेबांनी जागा बदलायची विनंती केली. त्या साकु म्हणाल्या.

साहेब वर गेले. हेल्मेट, शिट्टी, हँडलला खण. वरून शिट्टी ऐकू आली आणि सायकल निघाली. चाँदभाई काहीतरी पुटपुटत होते. मी वहिनींच्या खुर्चीची पाठ धरून उभा होतो; ऐन वेळी ओढायची असं मनाशी ठरवलं होतं, पण त्यांच्याकडे बघून ते आपल्याच्याने होणार नाही हेही कळत होतं. निम्म्या उतारावर साहेबांनी मागचा ब्रेक दाबला.

सायकल थांबली. घसरली नाही, किंचाळली नाही. भर रस्त्यात बैल बसावा तशी ती थांबली आणि साहेब तिच्यावर ताठ बसून राहिले. आम्ही टाळ्या वाजवल्या. वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला तो मला ऐकू आला.

"या की खाली," त्या ओरडल्या.

साहेब आले नाहीत. त्यांनी एक पाय टेकला, पायडल मारून बघितलं, उतरून ढकलून बघितलं. सायकल ना पुढे, ना मागे. चाँदभाई धावत वर गेले. त्यांनी दांडी ओढली, हलवली, ती कधीच सुटून जागेवर आली होती. चिमटा मात्र चकतीला धरून होता. त्यांनी झाकण उघडलं. तेल लालभडक झालं होतं. तेल टाकीत परत यायचं भोक असतं, त्यात कुंकू गच्च बसलं होतं. दाब गेला होता, पण त्याला परतीची वाट नव्हती.

तोवर वहिनी खुर्ची उचलून चढण चढून आल्या होत्या. चाँदभाईंनी त्यांच्याकडे बघून हात जोडले.

"कुंकू लगाए ना भाभी, अब ये छोडता नै."

वहिनींनी सायकलला एक वळसा घातला. मग साहेबांना विचारलं, "थांबली का?"

"थांबली," साहेब म्हणाले. ही शुद्ध भाषा होती.

"मग ठेवा," वहिनी म्हणाल्या. शब्दाच्या पक्क्या.

चाँदभाई म्हणाले, काही कठीण नाही, हे तेल सोडून देतो, धुऊन नवीन भरतो. साहेबांनी मान हलवली. "धोरण असं आहे," ते म्हणाले, "पूजन झालेला साठा सोडता येत नाही." चाँदभाईंना वाटलं चेष्टा आहे. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की नाही. शेवटी चाँदभाईंच्या ओळखीचा जेसीबी बोलावला आणि त्याच्या बकेटमधून सायकल कॉलनीत आली. पुढे साहेब शिट्टी वाजवत चालत होते. लोक दारात येऊन बघत होते आणि एकदोघांनी नमस्कारही केला.

पुढच्या वर्षी ते दोघं मुलीजवळ म्हणून लातूरला गेले. टेम्पोत सगळ्यात आधी सायकल चढवली. मागचं चाक फिरत नसल्याने ती चौघांना उचलावी लागली. आमची टाकी आता नवीन सेक्रेटरीकडे आहे. तो टाकीशेजारीच राहतो आणि पाणी वरून सोडत येतो, म्हणून मला पाणी फोन करून मागावं लागतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरलाच. एका लग्नासाठी गेलो होतो. सकाळी त्यांच्या घरी गेलो तर ओसरीवर सायकल उभी, घासूनपुसून लख्ख, खण तसाच. घरात ते दोघं नव्हते. मुलीने सांगितलं, दोघं मागच्या मैदानात आहेत. सकाळच्या क्लासला निघालेली पोरंपोरी तिथे कुंपणाशी थांबून बघत होती. मैदानात एक जुनी लेडीज सायकल हळूहळू गोल फिरत होती. तिच्यावर हेल्मेट घातलेल्या वहिनी होत्या आणि मागे कॅरियर धरून साहेब धावत होते, बोडक्या डोक्याने, शिट्टी तोंडात. मला बघून वहिनी माझ्यासमोर येऊन थांबल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ह्यांची तर थांबून बसलीय. मग भाजी आणायला कोण जायचं?"

साहेब दम लागून वाकले होते. त्यांना बोलता येईना, म्हणून त्यांनी नुसता हात वर करून धोरण असं आहे एवढं सुचवलं.

वहिनींच्या सायकलला जुने दांडीचे ब्रेक होते, लोखंडी, गंजलेले. दोन्ही लागत होते आणि सुटतही होते.